वडिलांची टीएमटी (पट्ट्यावर चालवून करतात ती हृदयाची टेस्ट) ‘पॉझिटिव्ह’ आली, आधीच्या दोन स्प्रिंगा (स्टेंट) आहेत. रिपोर्ट समजावून सांगा

काळी_माती | १६ नोव्हेंबर, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला. घरी बारा एकर कोरडवाहू. वडील ६४ वर्षांचे, साखर अकरा वर्षांपासून. थोडं लांब लिहितो, कारण अर्धवट लिहिलं की उत्तरंही अर्धवट येतात.

२०२१ च्या जुलैत, डवरणीच्या दिवसांत, त्यांना अटॅक आला. वावरातून आले, ओसरीत बसले आणि बनियन पिळून काढावी एवढा घाम. आम्ही गॅस समजलो, सोडा दिला, त्यात दीड तास गेला. ते दीड तास मला अजून आठवतात. यवतमाळला नेलं तेव्हा उजवी नळी पूर्ण बंद होती. एक स्प्रिंग टाकली. २०२३ च्या फेब्रुवारीत छातीत पुन्हा भरून यायला लागलं. पुन्हा अँजिओग्राफी. तीच स्प्रिंग आतून ८० टक्के बुजलेली. तिच्यातच दुसरी बसवली.

आता दिवाळीपासून नवीन सुरू झालंय. गोठा घरापासून दीडशे पावलांवर आहे. सकाळी थंडीत ढेपेची बादली घेऊन निघाले की चिंचेजवळ थांबतात. विचारलं तर म्हणतात, “काई नाही, दम घेऊन रायलो.” छाती दुखते का? नाही म्हणतात. जबडा मात्र आवळल्यासारखा होतो आणि थांबलं की दोन-तीन मिनिटांत जातो.

गेल्या सोमवारी पट्ट्यावरची टेस्ट केली. छातीवरचे केस काढले, वायरी लावल्या. आयुष्यभर वावरात चाललेला माणूस, पण पायाखालची जमीनच मागे सरकायला लागल्यावर त्यांनी समोरचा दांडा वखराच्या रुमण्यासारखा घट्ट धरला, तो शेवटपर्यंत सोडला नाही. सहा मिनिटांनी “बंद करा, पाय गेले” म्हणाले.

रिपोर्ट असा: ब्रूस प्रोटोकॉल. वेळ ६ मिनिटे २० सेकंद. ७.२ मेट्स. सर्वाधिक ठोके १२६, वयाच्या मानाने कमाल ठोक्यांच्या ८१ टक्के. बीपी १३०/८० वरून १७०/९०. व्ही४ ते व्ही६ मध्ये एसटी १.५ मिमी खाली, सपाट. रिकव्हरीत चौथ्या मिनिटाला पूर्ववत. छातीत दुखणं नाही. थांबवण्याचं कारण, पाय थकणे. निष्कर्ष: इस्किमियासाठी पॉझिटिव्ह.

तिथल्या डॉक्टरांनी उभ्या उभ्या सांगितलं, “पॉझिटिव्ह आहे, अँजिओग्राफी करून घ्या, बायपास लागू शकते.” बाहेर वीस जण बसले होते, पुढे विचारायला जमलं नाही. आई तेव्हापासून जेवत नाहीये. १.५ मिमी म्हणजे नळी किती टक्के बंद? तीच स्प्रिंग तिसऱ्यांदा बुजली का? आणि पुन्हा पुन्हा बुजतेच आहे तर पुन्हा पैसे ओतून काय होणार, असं वडील स्वतःच म्हणतात. त्यांना काय सांगू?

---

रानपाखरू | १६ नोव्हेंबर, रात्री १०:१५

भाऊ, वेळ घालवू नका. माझ्या मोठ्या भावाची टेस्ट अशीच पॉझिटिव्ह होती. सोयाबीन काढून झालं की जाऊ म्हणत राहिलो. सोयाबीन घरी आलं, भाऊ गेला. उद्याच नागपूर गाठा.

---

ईसीजी_ताई | १६ नोव्हेंबर, रात्री ११:०५

रानपाखरू दादा, वाचून फार वाईट वाटलं.

काळी_माती, मी वर्धा जिल्ह्यात याच मशीनवर चौदा वर्षं काम करते. निदान करणं माझं काम नाही, पण हा कागद रोज माझ्या हातून जातो, म्हणून ओळ न् ओळ सांगते.

ब्रूस प्रोटोकॉलमध्ये दर तीन मिनिटांनी पट्टा वेगही वाढवतो आणि चढही. पहिली तीन मिनिटं ताशी २.७ किमी आणि १० टक्के चढ. मग ४ किमी आणि १२ टक्के. मग साधारण ५.५ किमी आणि १४ टक्के. तुमचे बाबा तिसऱ्या टप्प्यात नुकतेच शिरले होते.

मेट्स म्हणजे कष्टाचं माप. नुसतं बसून राहायला लागतो तो १ मेट, म्हणजे वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला ३.५ मिली ऑक्सिजन. मात्र दांडा घट्ट धरला की अंगाचं वजन हातांवर जातं आणि मशीन जास्त मेट्स दाखवतं. म्हणून त्यांचे ७.२ मी थोडे कमीच धरीन. आमच्याकडे मी आधी दोन मिनिटं पट्टा हळू चालवून सवय करून देते. गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांना त्याची फार गरज असते.

ठोके: २२० वजा ६४, म्हणजे १५६. त्याचे ८५ टक्के म्हणजे १३३ गाठायचे असतात. बाबा १२६ वर थांबले. सकाळची मेटोप्रोलॉलसारखी गोळी घेऊन गेले होते का? ती ठोके वाढू देत नाही. एवढ्याच ठोक्यांवर टेस्ट निगेटिव्ह आली असती तर डॉक्टरांनी ती अपुरी धरली असती. पण टप्पा गाठायच्या आधीच ईसीजीची पट्टी बदलली, म्हणून ती पॉझिटिव्ह मोजायची. बीपी १७० पर्यंत चढलं ही चांगली गोष्ट. चालताना वरचं बीपी उतरायला लागलं तर आम्ही पट्टा लगेच बंद करतो.

आता १.५ मिमी. ईसीजीच्या कागदावरचा छोटा चौकोन १ मिमीचा असतो. कष्ट वाढल्यावर हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडलं (यालाच इस्किमिया म्हणतात) की एसटीची, म्हणजे ईसीजीतल्या ठोक्यानंतरच्या भागाची, रेघ खाली बसते. १ मिमी किंवा जास्त, आणि रेघ सपाट किंवा उतरती, तर पॉझिटिव्ह. तो मिमी नळीचा नाही, रेघेचा आहे, त्यातून टक्के निघत नाहीत. नळी कोणती तेही त्यातून कळत नाही. व्ही४ ते व्ही६ म्हणजे छातीच्या डाव्या बाजूच्या वायरी, त्यांतच बदल बहुतेक वेळा दिसतो, नळी कोणतीही असो.

ही टेस्ट चुकतेही. जुन्या अभ्यासांची सरासरी काढली होती, त्यात नळ्या खरोखर अरुंद असलेल्या १०० जणांपैकी सुमारे ६८ जण हिने पकडले, आणि नळ्या ठीक असलेल्या १०० पैकी सुमारे ७७ जणांना बरोबर ‘निगेटिव्ह’ म्हटलं. म्हणून एकटा कागद हातात घेऊन घाबरायचंही नाही आणि निश्चिंतही व्हायचं नाही.

एक विचारते. पट्ट्यावर असताना जबडा आवळला होता का? नीट विचारून सांगा.

---

काळी_माती | १७ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

ताई, आत्ता विचारलं. चहा पीत होते. म्हणाले, “आवळला ना. पन त्या पोरानं छाती दुखते का म्हनून इचारलं. छाती नाही दुखली त मी काऊन सांगू?”

गोळी घेऊनच गेलो होतो. कुणी थांबवा म्हणालं नव्हतं.

---

ईसीजी_ताई | १७ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, कागदावर लिहून न्या. ड्यूक स्कोअर म्हणून एक हिशोब असतो: चाललेली मिनिटं, वजा एसटीच्या मिमीची पाचपट, वजा दुखण्याच्या गुणाची चौपट. दुखलंच नाही तर ०, दुखलं पण त्यामुळे थांबले नाहीत तर १, दुखण्यामुळेच थांबले तर २. रिपोर्टप्रमाणे ६.३ वजा ७.५, म्हणजे उणे १.२. जबडा धरला तर आणखी ४ वजा, उणे ५.२. अधिक ५ आणि वर म्हणजे धोका कमी, उणे ११ आणि खाली म्हणजे जास्त. बाबा दोन्हीकडून मधल्या पट्टीत येतात, पण जबड्यामुळे बरेच खाली सरकले. साखरवाल्यांमध्ये छाती न दुखता नुसता दम, जबडा, खांदा किंवा घाम एवढंच असणं आम्ही रोज पाहतो.

---

तालुक्याचा_डॉक्टर | १७ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

मी ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे, हृदयरोगतज्ज्ञ नाही. ताईंनी रिपोर्ट उत्तम सांगितला. मी ‘पुन्हा बुजलं’ याबद्दल लिहितो, कारण ओपीडीत मला हेच सगळ्यात जास्त विचारतात आणि लोक तीन वेगळी दुखणी एकाच नावाने सांगतात.

पहिलं म्हणजे स्प्रिंगच्या आत मांस वाढणं. स्प्रिंग नळीच्या भिंतीवर दाबून बसवतात. भिंतीला ती जखमच. जखम भरताना काही जणांत पेशी गरजेपेक्षा जास्त वाढतात आणि वाट पुन्हा अरुंद होते. हे हळूहळू होतं, बहुधा पहिल्या वर्षात, पण नंतरही होतं. साध्या धातूच्या स्प्रिंगमध्ये हे शंभरात वीस ते तीस जणांना व्हायचं. औषध लावलेल्या स्प्रिंगा आल्यावर पाच ते दहावर आलं. साखर, बारीक नळी, लांब स्प्रिंग, किंवा बसवताना ती पूर्ण न उघडणं, यांत शक्यता वाढते. तुमच्या वडिलांचं २०२३ चं हेच दिसतं.

दुसरं म्हणजे स्प्रिंगमध्ये गुठळी होणं. हे अचानक होतं, मोठा अटॅक येतो. रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद करणं हे त्याचं एक मोठं कारण.

तिसरं, भलत्याच ठिकाणी नवीन अरुंदपणा येणं. स्प्रिंग अर्ध्या ते दीड इंचाची असते, नळ्या सगळ्या हृदयावर पसरलेल्या. आजार सगळ्याच नळ्यांत असतो, स्प्रिंग फक्त त्या जागेची वाट उघडते. माझ्याकडे येणाऱ्या ‘पुन्हा ब्लॉकेज’वाल्यांत हे फार असतं, आणि घरचे लोक मात्र स्प्रिंगला दोष देत बसतात.

टीएमटीवरून या तिन्हींतलं कोणतं हे सांगता येत नाही. आधी अटॅक आणि स्प्रिंगा झालेल्या माणसात स्ट्रेस इको (कष्ट देऊन केलेली हृदयाची सोनोग्राफी) किंवा न्यूक्लिअर स्कॅन जास्त कामाचा, कारण हृदयाचा नेमका कोणता भाग उपाशी राहतो ते त्यात दिसतं. त्याबद्दल नक्की विचारा.

आता घाईचं. २०१९ मध्ये एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले, नाव इस्किमिया. ३७ देश, ५,१७९ रुग्ण, भारतातलेही. सगळ्यांच्या स्ट्रेस टेस्टमध्ये बऱ्यापैकी दोष होता. निम्म्यांना आधी अँजिओग्राफी करून गरजेप्रमाणे स्प्रिंग किंवा बायपास, निम्म्यांना आधी नुसती औषधं. तीन-साडेतीन वर्षांत मृत्यू आणि अटॅक यांत दोन्हीकडे ठळक फरक निघाला नाही. दुखणं मात्र स्प्रिंग-बायपासवाल्यांचं जास्त कमी झालं, विशेषतः ज्यांना ते वारंवार होत होतं त्यांचं. पण डावी मुख्य नळी अरुंद असलेले, हृदयाचं पंपिंग फार कमी असलेले आणि नुकताच अटॅक आलेले लोक त्या चाचणीत नव्हते. म्हणून ‘औषधावर थांबा’ हे सगळ्यांना लागू नाही. वडिलांचा दम नवीन आहे, वाढतोय, आणि तिसरी वेळ आहे. मी असतो तर या आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञाला दाखवलं असतं. आज रात्री गाडी काढायची गरज नाही. पण बसल्या जागी, आराम करताना जबडा आवळला, किंवा जिभेखालची गोळी ठेवून पाच मिनिटांत उतरलं नाही, तर थेट १०८. ती गोळी बसूनच घ्यायची, उभ्याने घेतली की चक्कर येऊन माणूस पडतो.

आणि प्रामाणिकपणे सांगा, कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे का? साखर किती? खर्रा (तंबाखू-सुपारी)?

---

मोर्शीचा_बागवान | १७ नोव्हेंबर, सायंकाळी ६:००

डॉक्टरसाहेब, सरकारने स्प्रिंगचे भाव पाडल्यापासून हलक्या स्प्रिंगा टाकतात, म्हणून बुजतात, असं आमच्याकडे बोलतात. खरं का?

---

तालुक्याचा_डॉक्टर | १७ नोव्हेंबर, सायंकाळी ६:४०

२०१७ च्या फेब्रुवारीत कमाल भाव ठरले. साध्या धातूची ७,२६० रुपये, औषधाची २९,६०० रुपये. भाव ठरवला म्हणून माल हलका झाला असं नाही. कार्डावर स्प्रिंगचं नाव आणि लांबी-रुंदी लिहिलेली असते, ते पाहा. औषधाची असेल तर किमतीचा विषय सोडून द्या. ती पूर्ण उघडली होती का, नळीच्या आतून अल्ट्रासाऊंड करून पाहिलं होतं का, हे विचारणं जास्त उपयोगाचं.

---

अकोल्याची_लेक | १७ नोव्हेंबर, रात्री ९:३०

डॉक्टरांनी दुसऱ्या प्रकारात जे लिहिलं ते माझ्या आईचं झालं. स्प्रिंग टाकून पाच महिने झाले होते. दाढ काढायची होती. कुणीतरी सांगितलं रक्त थांबणार नाही, दोन्ही गोळ्या आठ दिवस बंद करा. आम्ही केल्या. सहाव्या दिवशी पहाटे ती देवघरासमोर पडली. वाचली, पण हृदयाचं पंपिंग तीस टक्क्यांवर आलं. आता दोन पायऱ्या चढली की बसते.

दात असो, मोतीबिंदू असो, गोळी थांबवायची की नाही हे स्प्रिंग टाकणाऱ्या डॉक्टरला फोन करून विचारा. फोन लागला नाही तर दाढ राहू द्या.

---

रिटायर_मास्तर | १८ नोव्हेंबर, सकाळी ६:१५

माझी बायपास २०१४ ची. दोन नळ्या पायाच्या शिरेच्या आणि एक छातीतल्या आतल्या धमनीची. दहा वर्षांनी पायाच्या शिरेपैकी एक बुजली. छातीतली आजही मोकळी आहे. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की दहा वर्षांत शिरेच्या निम्म्या जोडण्या बुजतात, छातीतल्या धमनीच्या दहातल्या नऊ मोकळ्या राहतात. म्हणून बायपास झाली म्हणजे कायमचं मिटलं असंही नाही. पण साखर असेल आणि दोन-तीन नळ्या एकदम खराब असतील तर स्प्रिंगांपेक्षा बायपास जास्त टिकते, हे २०१२ च्या फ्रीडम नावाच्या चाचणीत दिसलं. तुमच्या वडिलांना त्यांनी बायपास शब्द वापरला तो बहुधा याच विचाराने.

पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत स्प्रिंग आणि बायपास दोन्ही आहेत, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. रेशन कार्ड आणि आधार न्या. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, पैसे भरायच्या आधी त्याला भेटा. भरल्यावर भेटलात तर फार फिरावं लागतं.

आणि वडिलांना सांगा की माझं वय ७३ आहे आणि यंदा तूर मी स्वतः पेरली.

---

एक_वाटसरू | १८ नोव्हेंबर, सकाळी ११:००

अर्जुनसालीचा काढा घ्या. आमच्या गावात एकाच्या नळ्या मोकळ्या झाल्या, ऑपरेशन टळलं.

---

तालुक्याचा_डॉक्टर | १८ नोव्हेंबर, दुपारी २:००

काढ्याने बुजलेली नळी मोकळी झालेली मी पाहिलेली नाही. काढा सुरू करून गोळ्या बंद केलेले रुग्ण मात्र पाहिले आहेत, त्यातले दोन माझ्यासमोर गेले. घ्यायचाच असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या आणि एकही गोळी कमी करू नका. ही कळकळीची विनंती आहे.

---

काळी_माती | १८ नोव्हेंबर, रात्री १०:२०

डॉक्टरसाहेब, तुम्ही विचारलं म्हणून आज वडिलांचा गोळ्यांचा डबा उघडून बसलो. कोलेस्टेरॉलची गोळी मार्चपासून बंद आहे. पोटऱ्या दुखत होत्या आणि रिपोर्ट नॉर्मल आला होता, म्हणून त्यांनी स्वतःच सोडली. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. ऑक्टोबरचा रिपोर्ट शोधला, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ११८. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.६. खर्रा दिवसाला तीन पुड्या.

मी कृषी केंद्रात बसतो. फवारणीचं औषध अर्धवट सोडू नका म्हणून रोज दहा लोकांना सांगतो, आणि घरातला डबा आठ महिने पाहिला नाही.

---

तालुक्याचा_डॉक्टर | १८ नोव्हेंबर, रात्री ११:००

तुम्ही पाहिलं हे महत्त्वाचं, स्वतःला बोल लावू नका. रिपोर्ट नॉर्मल आला होता तो गोळीमुळेच. आणि प्रयोगशाळेच्या कागदावरचं ‘नॉर्मल’ निरोगी माणसासाठी असतं. दोनदा स्प्रिंग झालेल्या माणसाचं एलडीएल ५५ च्या खाली हवं. पाय दुखत असतील तर गोळी बदलता येते, डोस कमी करून जोडीला दुसरी देता येते, सोडायची नसते. तज्ज्ञांना हे सगळं जसंच्या तसं सांगा, वडील रागावले तरी.

---

काळी_माती | ७ डिसेंबर, रात्री ९:१५

उशीर झाला, माफ करा. सगळ्यांचे मनापासून आभार.

नागपूरला दाखवलं. दोन्ही जुन्या अँजिओग्राफीच्या सीड्या आणि स्प्रिंगची कार्डं नेली होती. डॉक्टरांनी पंधरा मिनिटं नुसत्या सीड्या पाहिल्या. मग स्ट्रेस इको केला. हृदयाची पुढची भिंत कष्टात मंद हलत होती. आमची स्प्रिंग उजव्या नळीत, म्हणजे जागाच जुळत नव्हती. मग अँजिओग्राफी केली. जुन्या दोन्ही स्प्रिंगा उघड्या आहेत, आतून फार तर ३० टक्के. डाव्या बाजूच्या पुढच्या नळीत मधोमध नवीन ७५ टक्के आहे. डावी मुख्य नळी स्वच्छ. पंपिंग ५० टक्के.

म्हणजे तालुक्याचे डॉक्टर म्हणाले तो तिसरा प्रकार. वडिलांना पडद्यावर दाखवलं तेव्हा ते बराच वेळ त्या जुन्या स्प्रिंगकडेच पाहत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, “म्हनजे थे चांगलीच हाय. मी उगाच तिले शिव्या देऊन रायलो होतो.”

एकच नळी असल्याने बायपासची आत्ता गरज नाही असं सांगितलं. कोलेस्टेरॉलची गोळी बदलून दिली, जोडीला दुसरी, दम कमी करायची एक वाढवली, साखरेच्या गोळ्या बदलल्या. सहा आठवड्यांनी बोलावलंय. तोवर दम हटला नाही तर त्या जागी स्प्रिंग, योजनेतून. वाढला तर लगेच या म्हणाले. आराम करताना काही झालं तर १०८, हे भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून लावलंय.

खर्रा तीनवरून एकावर आलाय. मला एकही नको आहे, पण आई म्हणते भांडू नको, मी पाहते.

रोज सकाळी वहीत लिहितो: किती वाजता निघाले, कुठे थांबले, जबडा आवळला का. बादली आता मी नेतो, ते नुसते चालतात. पहिल्या आठवड्यात रोज चिंचेजवळ थांबत होते. काल गोठ्यापर्यंत न थांबता गेले. आज थंडी जास्त होती, चिंचेच्या पुढे हौदाजवळ एकदा थांबले, एक मिनिट. तेही लिहून ठेवलंय.

---

ईसीजी_ताई | ७ डिसेंबर, रात्री ९:४०

वही घेऊनच जा सहा आठवड्यांनी. आणि थंडी आहे तोवर ऊन निघाल्यावर चालू द्या, कानाला मफलर बांधून. जेवणावर लगेच नको.